खेळातलं गाव खोटं वाटतंय? या चुका टाळा

सांगलीत आमचा रविवारचा गट डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतो, म्हणजे टेबलाभोवती बोलत बोलत गोष्ट रचायचा खेळ. पाच प्लेयर, मी डीएम (डन्जन मास्टर), म्हणजे खेळातलं जग आणि त्यातली बाकीची माणसं माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात कॅम्पेन, म्हणजे आमची चालू गोष्ट, एका नदीकाठच्या शहरात पोचलं. त्या शहरासाठी मी तीन आठवडे राजघराण्याची वंशावळ लिहिली होती. खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच एकीनं खाणावळवालीला विचारलं, "मावशी, पाणी कुठनं भरता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात पिढ्यांचे राजे होते, पाणवठा नव्हता.

सगळ्यात मोठी चूक हीच. आपण सिंहासनापासून सुरुवात करतो, आणि प्लेयर मात्र गावाच्या वेशीतून आत येतात. तेव्हा आधी पाणी ठरवा. आपल्याकडे बघा ना. कृष्णा चढायला लागली की सांगलीत माणूस माणसाला भेटला की एकच विचारतो, "पुलाला किती झालं?" आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या आकड्यावर दुकानातला माल वर चढतो, गोठ्यातली जनावरं हलतात, पाहुण्यांना फोन जातात. तुमच्या शहरालाही अशी एक खूण द्या. घाटावरच्या देवळाची सातवी पायरी बुडाली की बाजार उठतो, एवढं ठरवलं तरी पुष्कळ झालं. मग चोर, पुजारी, नावाडी सगळे त्याच पायरीबद्दल बोलतील. दोन सेशननंतर पाणी पाचव्या पायरीला लागलं असं नुसतं सांगा, प्लेयर आपणहून सामान आवरायला लागतात.

दुसरी चूक नकाशात असते. डोंगर काढतो, नदी काढतो, पण सगळीकडे एकच हवा आणि एकच जेवण. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर, ढग तिथंच अडतात; बाकी अंतर फार नाही. पश्चिमेला भात-नाचणी, पूर्वेला बाजरी आणि मेंढरं. तुमची मंडळी डोंगर ओलांडून चार दिवस चालली, तर ताटातली भाकरी बदललीच पाहिजे.

पैशाचं तर विचारूच नका. प्रत्येक खेडेगावात सोन्याची नाणी फेकली जातात आणि समोरचा सुट्टे परत देतो! डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत बिगारी मजुराची दिवसाची मजुरी चांदीची २ नाणी आहे आणि लाँगसोर्डची किंमत सोन्याची १५. सोन्याच्या एका नाण्याला चांदीची दहा, म्हणजे एक तलवार ही मजुराची ७५ दिवसांची कमाई. हे पुस्तकातच आहे, फक्त आपण त्या नजरेनं वाचत नाही. खेड्यात नाणं मुळात कमी फिरतं. आपल्याकडे लोहार वर्षभर शेतकऱ्याची अवजारं करून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर बलुतं घ्यायचा, धान्यात. अशा लोहाराला तुमचं सोनं मोडायलाच तालुक्याला जावं लागेल. तो म्हणेल, त्यापेक्षा एक पोतं ज्वारी आणा.

बलुतेदारी खेळात आणाल तर तिची काळी बाजूही आणा. कामं जातीनं बांधलेली होती, आणि गावाचं पडेल ते काम करणाऱ्यांनाच गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. नुसती गोड खेडी रंगवणं हा खोटेपणा आहे. फक्त हा विषय टेबलावर आणण्याआधी प्लेयरना विचारून घ्या. सगळ्यांच्या घरी ती आठवण सारखी नसते.

जादू असूनही रोजचं जगणं जादूशिवायचं, ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. गुडबेरी हा पहिल्या पातळीचा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र. दहा बोरं, प्रत्येक बोर एका माणसाचं दिवसाचं पोट भरतं. आता दुष्काळी गाव आणि तिथली एक म्हातारी ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू जाणणारी, डोळ्यांसमोर आणा. तिच्या दारात पहाटे किती लांब रांग असेल? ती दहा बोरं कोणाला देईल, बाळंतिणीला की पाटलाच्या माणसाला? याच्यापुढे मला ड्रॅगनची गरज वाटत नाही.

चालू कॅम्पेनमध्ये असं भोक सापडलं तर घाईघाईनं थाप मारू नका. टेबलावरच विचारा, "तुमच्या गावाकडं काय करतात?" आमच्यातल्या एकाचं घर हरिपूरचं. तिथं हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पाणी शिरून ती पेवं नासली. मी खेळात आयत्या गुहेऐवजी डन्जन, म्हणजे जमिनीखालची धोक्याची जागा, म्हणून पेवच दिलं. बाकीचे पेवाचं तोंड उघडून लगेच उडी मारायला निघाले. हरिपूरचा म्हणाला, "थांबा रे, आत जीव गुदमरतो. आधी हवा जाऊ द्या." मग सगळे रात्रभर पेवाच्या तोंडाशी पहारा देत बसले, आणि त्या रात्री तिथं कोण कोण येऊन गेलं यावरच पुढचे तीन रविवार गेले.