टॅबवरची सही आणि पावतीतलं वजन

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. माल उतरला की शेतकरी टॅबवर बोटाने सही करतो आणि पावती निघते. जुन्या प्रोग्रॅममध्ये ही सही साधं पीएनजी चित्र म्हणून उघड्या फोल्डरमध्ये पडायची. कुणीही ती उचलून दुसऱ्या पावतीवर डकवू शकला असता. त्याहून वाईट म्हणजे सहीनंतर वजन बदललं तरी सही तशीच दिसायची. ज्या आकड्यावर शेतकऱ्याचे वर्षभराचे पैसे ठरतात, तोच असा सैल!

आता सही होताच वजन, मालाची प्रत, दर, सहीच्या रेघांचे बिंदू आणि सर्व्हरची वेळ एकत्र करून एसएचए-२५६ हॅश काढतो, म्हणजे या माहितीचा एक छोटा सांकेतिक ठसा; माहिती जराही बदलली की तो बदलतो. पण नुसता हॅश पुरत नाही. डेटाबेस ज्याच्या हातात, तो आकडा बदलून हॅशही नवा काढेल. म्हणून हॅशवर खासगी किल्लीने, म्हणजे एका गुप्त संकेताने, डिजिटल सही होते, आणि ती किल्ली डेटाबेसपासून वेगळ्या, अशा किल्ल्या जपणाऱ्या ‘की मॅनेजमेंट’ सेवेत राहते. चाचणीत मी थेट डेटाबेसमध्ये ५१२ किलोचे ५२१ केले. पडताळणीने पावती लगेच नाकारली. रेघांचे बिंदू आणि चित्र एईएस-२५६ पद्धतीने कूटबद्ध आहेत, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाहीत.

कायद्याचंही पाहिलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे मान्य इलेक्ट्रॉनिक सह्यांच्या यादीत, आधार ई-साइन (आधारवरून ओळख पटवून केलेली ऑनलाइन सही) येतं, बोटाची रेघ नाही. त्यामुळे हंगामी करार आधार ई-साइनने आणि रोजच्या पावत्या टॅबवर, अशी विभागणी केली. पावतीची पीडीएफ शेतकऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिथल्या तिथे जाते.