सेंट तोच, मग वास रोज वेगळा का?
सेंट उडाला असं वाटून परत फवारू नका, आधी घरात कोणाला तरी विचारा. रोज तोच वास असला की नाकाला सवय होते आणि आपल्याला थोड्याच वेळात काही जाणवत नाही, समोरच्याला मात्र येत असतो, आमच्या वेंगुर्ल्याकडे सुरंगीच्या फुलांचा वळेसर म्हणजे गजरा माळलेल्या बाईला बघा, तिला स्वतःला कळत नाही पण अख्ख्या एसटीत घमघमाट! सर्दी असेल तर विषयच संपला. मे महिन्यात अंग तापलेलं असतं म्हणून सेंट सुरुवातीला भसकन येतो नि दुपारपर्यंत गायब. कोरड्या कातडीवर पण टिकत नाही, मी आंघोळीनंतर मनगटाला थेंबभर खोबरेल चोळते, जिरलं की वर सेंट, आणि नाकाची सवय मोडायला अधूनमधून 2-3 दिवस दुसरा वापरते.