व्हॅक्यूम क्लिनरची मोटर सगळ्यात शेवटी निवडा

पहिल्या प्रोटोटाइपची खेच कमी पडतेय असं वाटलं, तेव्हा मी सरळ १२०० वॉटची मोटर काढून १६००ची ठोकली. मशीन गालिच्यावर ठेवलं आणि तोंड असं चिकटून बसलं, की ढकलताना दांड्याचा सांधाच निखळला. गालिच्यातले केस होते तिथेच. गणित नंतर केलं, आधी करायला हवं होतं. तोंड २५० मिमी लांब आणि २० मिमी रुंद असेल, तर आतल्या ५ किलोपास्कल (दाबाचं एकक) खेचेनेसुद्धा ते जवळपास अडीच किलोच्या जोराने खाली दाबलं जातं. १० किलोपास्कलला पाच किलो. तेव्हापासून माझा क्रम उलटा झालाय.

आधी मोजा. मशीनवर छापलेले वॉट म्हणजे ते प्लगमधून ओढतं ती वीज. आपल्या कामाचा आकडा म्हणजे एअरवॉट: पास्कलमधली खेच गुणिले दर सेकंदाला वाहणारी घनमीटर हवा. पाइपचं तोंड तळव्याने बंद केलं की खेच सगळ्यात जास्त, पण हवा शून्य. मोकळं सोडलं की हवा भरपूर, खेच जवळपास नाही. दोन्ही टोकांना गुणाकार मातीमोल. मोठा आकडा मधे कुठेतरी सापडतो. (जाहिरातीत बंद तोंडाची खेच का मिरवतात, ते आता कळलं असेल.)

यासाठी महागडं काही लागत नाही. पाइपच्या टोकाला एक घट्ट डबा बसवा. त्याच्या तोंडावर बदलता येतील अशा पत्र्याच्या चकत्या, मधोमध १०, १५, २०, ३० मिमीचं भोक. डब्याच्या बाजूला पारदर्शक नळीचा यू जोडून त्यात रंगीत पाणी भरा. पाण्याच्या दोन पातळ्यांत १०.२ सेंमी फरक म्हणजे १ किलोपास्कल. समजा २० मिमीच्या भोकाला ८२ सेंमी फरक आला, म्हणजे ८ किलोपास्कल. तेवढ्या फरकाला हवा सेकंदाला साधारण ११५ मीटर वेगाने आत येते. भोकाचं क्षेत्रफळ आणि ०.६ हा गुणांक (भोकातून जाताना झोत आकसतो म्हणून) लावला की सेकंदाला २२ लिटर. गुणाकार साधारण १७५ एअरवॉट. त्याच वेळी वीजमीटर ९०० दाखवत असेल, तर पाचातले चार हिस्से वाटेतच गेले.

कुठे गेले ते शोधायला चार ठिकाणी २ मिमीची भोकं पाडा: नोझलच्या मानेत, पाइपच्या शेवटी, कचऱ्याच्या डब्यानंतर आणि फिल्टरनंतर. यू नळी एकेका भोकाला लावत जा. लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे मधल्या भागाने खाल्लेली खेच. भोकाची आतली कड मात्र पॉलिश पेपरने साफ करा. ड्रिलने आत सोडलेला जरासा बर (खरखरीत उचललेली कड) माझे दोन दिवस खाऊन गेला. नसलेला तोटा दिसत होता आणि मी विनाकारण पाइप बदलत बसले होते.

पाइपमध्ये मिलिमीटरला फार किंमत आहे. हवा तेवढीच ठेवली, तर ३५ मिमीच्या पाइपपेक्षा ३२ मिमीच्या पाइपमध्ये तोटा दीडपटीहून जास्त होतो. पण म्हणून पाइप वाटेल तेवढा रुंद करू नका. हवेचा वेग घटला की खडे उभ्या दांड्यात वर चढत नाहीत, अर्ध्यातून खाली येतात. काटकोनाऐवजी लांब वळण द्या, ते जवळपास फुकट पडतं.

फिल्टरला घड्या वाढवा. कागदाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की तेवढ्याच हवेला अडथळा साधारण निम्मा होतो. आणि चाचणी धुळीने माखलेल्या फिल्टरवर, भरलेल्या डब्यावर घ्या. युरोपीय संघाने व्हॅक्यूम क्लिनरवर २०१४ मध्ये १६०० वॉटची आणि २०१७ मध्ये ९०० वॉटची मर्यादा घातली, ती टिकली. ऊर्जा-लेबलाचा नियम मात्र २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने रद्द केला, कारण चाचणी रिकाम्या डब्याने होत होती.

गळतीला सुती दोरा पुरतो. मशीन चालू ठेवून बारीक दोरा प्रत्येक जोडावरून फिरवा. जिथे तो आत ओढला जातो तिथे गास्केट (जोडातली रबरी पट्टी) बसलेलं नाही. डब्याचं झाकण आधी तपासा. माझा अनुभव, गुन्हेगार बहुतेक वेळा तेच असतं.

आता तोंड. गालिच्यातले केस नुसत्या हवेने सुटत नाहीत, ते ओरबाडून काढावे लागतात. फिरत्या ब्रशची वीस-तीस वॉटची मोटर इथे जे करते, ते मुख्य मोटरमध्ये शेकडो वॉट ओतून होत नाही. गुळगुळीत फरशीवर मात्र ओठ जमिनीलगत आणून फट अरुंद ठेवा, म्हणजे हवा कमी असली तरी वेग टिकतो.

इतकं झाल्यावर मोटर. पंख्याचा वेग १० टक्के कमी केला तर हवा १० टक्के, खेच १९ टक्के, पण पंख्याला लागणारी शक्ती २७ टक्के घटते. बॅटरीवाल्या मशीनमध्ये हा फरक लगेच जाणवतो. ३.६ व्होल्ट, २.५ अँपिअर-तासाचे सात सेल म्हणजे ६३ वॉट-तास. ४५० वॉटला जेमतेम साडेआठ मिनिटं, १५० वॉटला पंचवीस. म्हणून मी रोजचा वेग कमी ठेवते आणि जास्तीच्या वेगासाठी दाबून धरायचं बटण देते. साधा स्विच दिला तर लोक तो एकदा वर ढकलतात आणि विसरतात.

शेवटची एक तपासणी: चालू मशीनचा पाइप बंद करा. सूर चढेल आणि मीटरवरचे वॉट उतरतील. घाबरू नका, हवा वाहत नसल्यामुळे पंख्याला काम उरलेलं नसतं. पण त्याच हवेने मोटर थंड होत असेल तर ती आता तापू लागलेली असते. हवा आत सोडणारा सुरक्षा-व्हॉल्व्ह त्याआधी उघडतोय की नाही, ते घड्याळ लावून पाहा.