कार्टून पोनी रेखाटताना: आधी पाय, मग चेहरा

कार्टून पोनी काढायला बसलेल्या नवशिक्याचे लक्ष आधी टपोऱ्या डोळ्यांकडे आणि झुपकेदार आयाळीकडे जाते. त्यात गैर काही नाही. त्या दोन गोष्टींमुळेच हे पात्र लोभस वाटते. तरीही, बरीच वर्षे हाच विषय रेखाटत असल्यामुळे, मी आग्रहाने सांगेन की सुरुवात पायांपासून करावी. चेहरा थोडा बिघडला तरी चित्र निभावून जाते, पण पाय चुकले की पोनी जमिनीवर उभा राहिल्यासारखा वाटतच नाही.

मागच्या पायाच्या मधोमध, मागे टोक आलेला जो सांधा दिसतो, त्याला अनेक जण गुडघा समजतात. प्रत्यक्षात तो घोड्याचा घोटा असून ते टोक म्हणजे त्याची टाच. खरा गुडघा बराच वर, पोटालगत पुढच्या बाजूला असतो. पुढच्या पायात ज्याला गुडघा म्हटले जाते तो सांधा आपल्या मनगटाशी जुळतो, आणि खूर हे एकाच बोटाचे नख असते. कार्टूनमध्ये हे सांधे गुळगुळीत करून पाय नळीसारखे काढले जातात, तरी पुढचा पाय जवळजवळ सरळ आणि मागचा वळणदार, हा फरक राखावाच लागतो. २०१० साली सुरू झालेल्या ‘माय लिटल पोनी’च्या मालिकेतही सांध्यांचे तपशील गाळले आहेत, पण मागच्या पायाचा तो वळसा ठेवला आहे.

हे पडद्यावरून नक्कल करून समजत नाही. त्यासाठी जिवंत घोडा पाहावा. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने तिथे घोडे भरपूर दिसतात. गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा असलेला घोडा मागच्या एका खुराचे फक्त टोक टेकवून तो पाय सैल सोडतो आणि त्या बाजूचा पुठ्ठा, म्हणजे कंबरेमागचा भाग, खाली झुकतो. एवढी एक लकब कार्टूनमध्ये उतरवली, तरी पात्र निवांत दिसू लागते. धावण्यासाठी छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांची धावत्या घोड्याची १८७८ सालची छायाचित्रे अभ्यासावीत. चारही खूर हवेत असतात तेव्हा पाय पसरलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्यांत स्पष्ट दिसते.

चेहऱ्यासाठी मोठा गोल काढून त्यावर उभी मध्यरेषा आणि डोळ्यांची आडवी रेषा गोलाच्या वळणाने आखावी. चेहरा तिरका वळवला की पलीकडचा डोळा अरुंद होतो. दोन्ही डोळे सारखेच काढण्याचा मोह इथे टाळावा. आयाळ सर्वांत शेवटी घ्यावी. मान आणि कान पूर्ण काढून झाल्यावर, केस मानेच्या वरच्या कडेवरून उगवतात हे ध्यानात ठेवून, आधी तीन-चार मोठ्या बटा मांडाव्यात आणि मगच त्यांत बारीक रेषा भराव्यात.