मोबाइल ॲपसाठी भाषा कशी निवडावी: आधी ग्राहकाचा फोन बघा

‘कोटलिन शिकू की फ्लटर?’ मुंबईत पहिलं ॲप करायला निघालेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. कोटलिन ही अँड्रॉइड ॲप लिहिण्याची भाषा, तर फ्लटर हे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप बनवायचं साधन. भाषांच्या तुलनेत शिरण्याआधी ॲप कुणासाठी आहे ते एका ओळीत लिहून काढा. उदाहरणार्थ, ‘दादर-परळच्या पोळी-भाजी केंद्राच्या ग्राहकांना उद्याचा डबा आज रात्री नोंदवता यावा.’ इतकं नेमकं लिहिलं की अर्धी निवड आपोआप होते.

पायरी १ : फोन बघा. संध्याकाळी केंद्रावर तासभर उभे राहा आणि लोकांच्या हातात कोणते फोन आहेत ते पाहा. बहुतेक अँड्रॉइड असतील, तर सरळ कोटलिन घ्या. गूगलने २०१७ साली तिला अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून तिलाच पहिलं स्थान दिलं. नव्या माणसाने आज जावापासून, म्हणजे अँड्रॉइडच्या जुन्या भाषेपासून, सुरुवात करण्याची गरज नाही.

पायरी २ : लॅपटॉप आणि खिसा बघा. आयफोनची भाषा स्विफ्ट. ॲपलने ती २०१४ साली आणली. भाषा देखणी आहे, पण आयफोनची ॲप बांधायचं ॲपलचं साधन, एक्सकोड, फक्त मॅकवर चालतं. विंडोजवर फ्लटरमध्ये सगळं ॲप लिहिलंत तरी आयफोनसाठी बांधणी करायला मॅक लागतोच, स्वतःचा किंवा भाड्याचा. शिवाय ॲपलचं शुल्क दरवर्षी ९९ डॉलर, तर गूगल प्लेचं एकदाच २५ डॉलर. प्लेवर नवं वैयक्तिक खातं असेल, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ती माणसं आतापासूनच जमवा.

पायरी ३ : ॲप दोन्ही फोनवर हवं का? वेबचं काम येत असेल तर टाइपस्क्रिप्ट ही भाषा आणि तिच्यात दोन्ही फोनची ॲप बनवायचं साधन रिॲक्ट नेटिव्ह. पाटी कोरी असेल आणि एकट्याने करायचं असेल तर फ्लटर आणि त्याची भाषा डार्ट. ॲपचा जीवच ब्लूटूथ किंवा सतत चालणाऱ्या लोकेशनमध्ये असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: अँड्रॉइडचं ॲप कोटलिनमध्ये आणि आयफोनचं स्विफ्टमध्ये, असं वेगवेगळं लिहा.

पायरी ४ : रिकामी जागा तपासा. याकडे नवखे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. पत्त्याच्या फॉर्ममध्ये टॉवरमधला ग्राहक ‘बी विंग’ लिहितो. लालबागच्या चाळीतला ग्राहक फक्त खोली नंबर देतो, त्याची विंग रिकामी राहते. जावात अशा रिकाम्या मूल्याला हात लावला की ॲप चालता चालता बंद पडायचं, तेही नेमकं ग्राहकाच्या हातात. कोटलिन, स्विफ्ट आणि डार्ट या तिघींत माहितीच्या प्रकाराच्या नावापुढे प्रश्नचिन्ह दिलं, म्हणजे मजकुरासाठी ‘स्ट्रिंग?’ असं लिहिलं, की ही जागा रिकामी असू शकते हे कंपायलरला, म्हणजे कोड तपासून त्याचं ॲप बनवणाऱ्या प्रोग्रामला, कळतं. मग रिकामी असेल तर काय करायचं हे लिहिल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये यासाठी ‘स्ट्रिक्ट’ सेटिंग चालू असावं लागतं. ते पहिल्याच दिवशी तपासा.

पायरी ५ : मराठी घालून बघा. ‘मुंबई’ या शब्दाची लांबी विचारा. स्विफ्ट ३ सांगते. कोटलिन, डार्ट आणि टाइपस्क्रिप्ट ५ सांगतात, कारण म, उकार आणि अनुस्वार तिथे वेगळे मोजले जातात. त्यामुळे गोल चित्रात नावाचं पहिलं अक्षर दाखवायला गेलात की ‘मीनल’चा नुसता ‘म’ उरतो, वेलांटी गळते. उपाय आहेत: डार्टमध्ये ‘कॅरॅक्टर्स’ पॅकेज, कोटलिनमध्ये ‘ब्रेकइटरेटर’. पण ते आपण होऊन वापरावे लागतात. आपल्या माणसाचं नाव पडद्यावर मोडकं दिसू नये, एवढी काळजी ॲप करणाऱ्याने घेतलीच पाहिजे.

पायरी ६ : एकच पडदा दोनदा करा. शेवटी उरलेल्या दोन पर्यायांत डबा नोंदवण्याचा तोच पडदा बांधा आणि घरातल्या जुन्या, स्वस्त फोनवर चालवा. फ्लटर तपासताना रिलीज बिल्डच, म्हणजे ग्राहकाला द्यायची आवृत्तीच, घ्या; डीबगमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या आवृत्तीत, ते उगाच जड वाटतं. एररचा संदेश वाचून चूक कुठे आहे ते कोणत्या भाषेत लवकर कळलं, याची नोंद ठेवा. दोन्ही सारख्याच वाटल्या, तर जिच्यात अडल्यावर विचारायला ओळखीचं कुणी आहे, ती घ्या.