पोकळ्याचं बारीक बी वाफ्यात सारखं कसं पेरावं

खान्देशात परसात पोकळ्याच्या पालेभाजीचा वाफा हवाच. पण बहुतेक वाफ्यांत एका कोपऱ्यात रोपांची दाटी आणि बाकी जमीन उघडी दिसते. मग बियाला नावं ठेवतात. बी चांगलंच असतं, चूक पेरण्यात होते.

तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफा आदल्या दिवशी भिजवा, वाफसा (हाताला न चिकटणारी, भुसभुशीत ओल) येऊ द्या, ढेकळं फोडून वरची माती सपाट करा.

आता खरं काम. दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा, काळा, गुळगुळीत. एका ग्रॅममध्ये हजाराहून जास्त. नुसतं बी चिमटीत धरलं की ढीगभर दाणे एकदम निसटतात आणि काळ्या मातीत कुठे पडले ते कळतही नाही. म्हणून 3 ग्रॅम बी दोन वाट्या रेतीत मिसळा. रेती उन्हात कडक वाळवलेलीच हवी, ओलसर रेतीचे गोळे होतात. आणि ती बारीक चाळणीने चाळा. जाड रेतीत बी फटींतून तळाशी उतरतं: पहिल्या मुठी नुसत्या रेतीच्या, शेवटच्या मुठीत सगळं बी! चाळलेली असली तरी प्रत्येक मुठीआधी तळापासून हात फिरवाच.

रव्यात किंवा पिठात बी मिसळा, हा सल्ला अजिबात मानू नका. मुंग्यांना आयतं आमंत्रण मिळतं. युरियात तर मुळीच नको, कोवळा मोड जळतो.

मिश्रणाचे दोन भाग करा. एक वाफ्याच्या लांबीने पेरा, दुसरा आडवा. फिकी रेती काळ्या मातीवर उठून दिसते, त्यामुळे सुटलेली जागा लगेच कळते. हात जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा आणि वारा सुटण्याआधी, सकाळीच उरका.

वरून चाळलेलं जुनं शेणखत भुरभुरा, बी दिसेनासं होईल इतकंच. काळी माती टाकू नका. ती सुकली की खपली धरते आणि एवढासा कोंब ती फोडू शकत नाही.

बारदान अंथरून झारीने पाणी द्या. पाइपाची धार सोडलीत तर सगळं बी एका कडेला वाहून जाईल. कोंब दिसले की त्याच संध्याकाळी बारदान काढा. उशीर झाला तर रोपं पांढरी, लांबट होऊन आडवी पडतात. पुढे कुठे दाटी वाटली तर बोटभर रोपं उपटून भाजीत घाला.