चाफा पाण्यावाचून नाही, पाण्यानं मरतो

गुढीपाडवा झाला. देवचाफ्याच्या बोडक्या फांद्यांच्या टोकांना डोळे फुटायला लागले असतील. फांदी लावायची वेळ हीच. आता लावलेली फांदी मृगापर्यंत रुजते आणि पहिल्या पावसावर वाढीला लागते.

"पाणी कमी पडलं, म्हणून चाफा गेला," असं पुष्कळ जण सांगतात. उकरून बघा, बुंधा मऊ आणि काळा पडलेला सापडेल. हे झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. जाड फांद्यांत पाणी साठवून कोरडे महिने काढणारं. आपली काळी जमीन मात्र पावसाळ्यात चिबडते आणि मुळं गुदमरतात. माझी पहिली दोन्ही झाडं अशीच गेली. म्हणून खड्डा नको, फूटभर उंचवटा करा. निम्मी माती, निम्मा मुरूम आणि घमेलंभर कुजलेलं शेणखत पुरतं. जागा दिवसभर उन्हाची हवी. दोन झाडांत 10 ते 12 फूट सोडा.

फांदी राखाडी सालीची, अंगठ्याएवढी जाड, दीड फुटाची घ्या. हिरवा कोवळा शेंडा कुजतो. कापताना चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. अंगालाही आग होते. पानं काढून फांदी आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. काप पुरता सुकला की चार बोटं खोल लावून काठीला बांधा. एकदा पाणी द्या, मग माती कोरडी झाल्यावरच. पानं फुटली म्हणजे मुळं आली असं समजू नका. फांदी आतल्या साठ्यावरही फुटते, तेव्हा हलवून बघायचा मोह आवरा.

पाऊस लागला की बुंध्याजवळचं आळं फोडून टाका. श्रावण-भाद्रपदात पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ती पानं वेचून जाळा, झाडाखाली पडू देऊ नका. युरिया टाळा, नुसता पाला माजतो आणि फुलं कमी येतात.

थंडीत पानं गळतात, झाड वाळल्यासारखं दिसतं. ते झोपलेलं असतं. कीव येऊन पौषात बादल्या ओतू नका, तिथंच घात होतो. बारमाही हिरवा राहणारा देवचाफा हवा असेल, तर गोल टोकाच्या पानांचा पांढरा प्रकार लावा. त्याची पानगळ कमी असते.

छाटणी करायचीच तर माघात, नवे डोळे फुटण्याआधी. फुलं शेंड्यालाच येतात, तेव्हा छाटलेल्या फांदीवर त्या वर्षी कमी फुलं धरा.